ज्यांचा मोर्चा निघत नाही

बीड जिल्ह्याला आवाजाची वानवा कधीच नव्हती. दसऱ्याचे मेळावे, सप्ताहातली काल्याची कीर्तने, जिल्हाधिकारी कचेरीसमोरची उपोषणे, उचलीवरून मुकादमाशी होणारी घासाघीस... इथला माणूस बोलून, वेळेला ओरडून, आपले पदरात पाडून घेतो. प्रशासनालाही तीच सवय लागली आहे. जो दारात येऊन बोलतो त्याचा अर्ज पुढे सरकतो. पण चारचौघांत तोंड उघडता न येणे हाच ज्याचा आजार आहे, त्याने काय करायचे? त्याचा मोर्चा निघत नाही, निवेदन येत नाही, दवाखान्याच्या रांगेतही तो दिसत नाही. समाजभयाच्या या आजाराबद्दल मेंदूविज्ञानाने गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जे दाखवले, त्यातून जिल्ह्याने काय करायला हवे, हे मुद्द्यांनी मांडतो.

१. बुजरेपणा वेगळा, समाजभय वेगळे.

लाजरे माणूस लग्नघरात आधी कोपरा धरते. कुणी पंगतीत वाढायला हाक मारली की अर्ध्या तासात मोकळे होते. समाजभय असलेल्याची झोप पत्रिका आली त्या दिवशीच उडते. लग्नाच्या सकाळी पोट बिघडते आणि शेवटी तो जातच नाही. लोक आपल्याकडे बघतील, आपली चूक पकडतील, हसतील, हे त्याचे भय. हजेरीला ‘हजर’ म्हणणे, पंगतीत सगळ्यांसमोर घास उचलणे, बँकेत कारकुनाच्या डोळ्यांदेखत सही करणे, अनोळखी माणसाचा फोन उचलणे, यांतले काहीही त्याला डोंगराएवढे वाटू शकते. असे सहा महिने किंवा जास्त चालले आणि त्यापायी शाळा, काम, नाती अडू लागली, तर डॉक्टर त्याला आजार म्हणतात. १९८० साली अमेरिकेच्या मनोविकार नियमावलीत त्याला स्वतंत्र जागा मिळाली. १९८५ साली मायकेल लिबोविट्झ आणि सहकाऱ्यांनी त्याला ‘दुर्लक्षित’ चिंताविकार म्हटले. आपल्याकडे तो अजून तसाच दुर्लक्षित आहे. त्याची आपली नावे मात्र तयार आहेत : घुम्या, मुखदुर्बळ, माणूसघाणा. यातले शेवटचे तर उघड अन्यायाचे आहे, कारण या मुलांना माणसे हवी असतात. माणसांसमोर उभे राहताना जीव जातो, एवढेच.

२. मेंदूत काय दिसते, ते आपल्या गावाच्या भाषेत.

पूर्वी गावाला जागल्या असायचा. रात्री पाचोळा वाजला की तो हाळी द्यायचा. मग कारभारी बाहेर येऊन बघायचा, ‘अरे, कुत्रं आहे, झोपा,’ म्हणायचा आणि गाव शांत व्हायचे. मेंदूतला जागल्या म्हणजे अमिग्डाला हा बदामाएवढा भाग. धोका ओळखणे हे त्याचे काम. कारभारी म्हणजे कपाळामागचा भाग, जो परिस्थिती तोलतो आणि घाबरण्याला लगाम घालतो. समाजभय असलेल्या माणसाला रागीट चेहरा दाखवला किंवा लोकांसमोर बोलायला लावले, तर त्याचा जागल्या इतरांच्या मानाने जास्त जोरात ओरडतो, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. छातीची धडधड, पोटातला गोळा अशा शरीराच्या आतल्या खुणा टिपणारा इन्सुला हा भागही जास्त जागा असतो. म्हणून बोलताना समोरच्याच्या शब्दांपेक्षा स्वतःचे लटपटणारे पायच त्याला मोठे वाटतात.

संशोधकांचा पुढचा प्रश्न जागल्या आणि कारभारी यांच्यामधल्या वाटेबद्दलचा आहे. १९९५ साली भारतीय वंशाचे संशोधक भरत बिस्वाल यांनी दाखवले की माणूस काहीही न करता नुसता पडून असला, तरी मेंदूतले एकमेकांशी जोडलेले भाग एका तालात वरखाली होत राहतात. हा ताल मोजून कुठल्या भागाचे कुणाशी किती जुळते, हे पाहता येते. समाजभयाच्या काही अभ्यासांत जागल्या आणि कारभारी यांचा ताल कमी जुळलेला आढळला. काहींत त्या दोघांना जोडणारी तंतूंची जुडीही थोडी विरळ दिसली. जागल्याची हाळी कारभाऱ्यापर्यंत पोचते, पण ‘झोपा’ हा निरोप उलट वाटेने नीट पोचत नाही, असा त्याचा एक सरळ अर्थ लावता येतो.

३. म्हणून कुणी ‘मेंदूचा फोटो काढा’ म्हटले, तर पाकीट काढू नका.

वर सांगितलेले फरक गटांच्या सरासरीचे आहेत. पन्नास रुग्ण आणि पन्नास निरोगी माणसे यांची तुलना केली की फरक दिसतो. पण एका मुलीचा स्कॅन हातात घेऊन ‘हिला समाजभय आहे’ असे जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. शिवाय सगळे अभ्यास एकाच दिशेने बोलत नाहीत. काहींत जोड कमी दिसते, काहींत जास्त. पुष्कळ अभ्यास वीस-तीस माणसांवर झालेले आहेत. मेंदूच्या रचनेची स्वभावाशी किंवा लक्षणांशी सांगड घालायची तर हजारो माणसे लागतात, असा इशारा ‘नेचर’ या नियतकालिकातल्या मोठ्या विश्लेषणाने २०२२ साली दिला. आधी फरक आणि मग भीती, की वर्षानुवर्षे माणसे टाळल्यामुळे फरक, हाही गुंता सुटलेला नाही.

याचा जिल्ह्यापुरता अर्थ साधा आहे. या आजाराचे निदान शांत खोलीतल्या पाऊण तासाच्या बोलण्यातून होते. दुसरा काही रोग आहे का, अशी शंका डॉक्टरला आली तर एमआरआयची गोष्ट वेगळी. पण समाजभयासाठी कुणी ‘ब्रेन मॅपिंग’चे पॅकेज विकत असेल, तर ते पैसे पाण्यात. नियोजन समितीच्या बैठकीत मानसिक आरोग्याच्या नावाने यंत्र मागण्याआधीही हे आठवावे. आपल्याकडे तुटवडा आहे तो ऐकून घेणाऱ्या माणसांचा.

४. ही वाट पुन्हा रुळते.

या संशोधनातला सर्वांत मोलाचा भाग हाच. २००२ साली स्वीडनमधल्या उपसाला येथे टॉमस फुर्मार्क आणि सहकाऱ्यांनी समाजभयाच्या १८ रुग्णांना लोकांसमोर बोलायला लावले आणि त्या वेळचा मेंदूतला रक्तप्रवाह मोजला. मग एका गटाला सिटालोप्रॅम हे औषध दिले, दुसऱ्याला गटाने घेतलेले बोलण्याचे उपचार, तिसऱ्याला नुसते थांबवून ठेवले. नऊ आठवड्यांनी पुन्हा मोजले. जे सुधारले त्यांच्या अमिग्डाला आणि आसपासच्या भागांतला रक्तप्रवाह कमी झाला होता, मग त्यांनी गोळी घेतलेली असो की नुसता सराव केलेला असो. दोन वाटा एकाच जागी पोचल्या. २०१६ साली स्वीडनमध्येच इंटरनेटवरून दिलेल्या नऊ आठवड्यांच्या उपचारांनंतरही अमिग्डालात बदल नोंदला गेला.

हे बोलण्याचे उपचार म्हणजे उपदेश नव्हे. ‘घाबरू नको, धीट हो’ हे त्या मुलाने हजारदा ऐकलेले असते. उपचार म्हणजे भीतीची उतरंड मांडायची, सर्वांत लहान मडके वर ठेवायचे आणि तिथून सुरुवात करायची. आज किराणा दुकानदाराला फक्त भाव विचारायचा. पुढच्या आठवड्यात दोन वस्तूंचे भाव. मग रांगेत उभे राहायचे. प्रत्येक वेळी जे होईल असे वाटले होते आणि जे खरेच झाले, ते शेजारी शेजारी ठेवून बघायचे. ‘सगळे हसतील’ वाटले होते. प्रत्यक्षात दुकानदाराने मान वर करूनही पाहिले नाही. असे बारा-चौदा आठवडे. जागल्याला पटायला वेळ लागतो, पण पटते.

५. बीडमध्ये हा आजार कुठे लपतो?

अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत हा आजार सुरू होण्याचे मधले वय १३ आढळले. आपल्याकडे ते सातवी-आठवीचे वय. बऱ्याच वस्त्यांवरच्या मुलांना गावातली शाळा सोडून दुसऱ्या गावच्या हायस्कुलात जावे लागते, ते याच सुमारास. मुलीच्या लग्नाचा विषयही घरात तेव्हाच निघू लागतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत बीडमधल्या २० ते २४ वयाच्या तरुणींपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणींचे लग्न अठराच्या आत झालेले होते. अशा घरात वर्गात न बोलणारी मुलगी काळजीचे कारण ठरत नाही. ती ‘गरीब गाय’ असते, ‘वर मान करून बघत नाही’ म्हणून तिचे कौतुक होते. तिने शाळा सोडली तर कुणी विचारत नाही. जिचा आजारच गुण म्हणून मिरवला जातो, तिला दवाखान्यात कोण नेणार?

मुलाचे उलटे. तो सात वर्षे पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात स्पर्धा परीक्षेची पुस्तके पाठ करतो, लेखी निघते आणि मुलाखतीला घशाला कोरड पडते. गावी आल्यावर ‘नशीब’ म्हणून विषय मिटतो. कुणी चारचौघांत बोलायला जीभ सुटावी म्हणून आधी घोटभर घेऊ लागतो, मग घोट वाढत जातो. कुणाला देवऋषाकडे नेले जाते. कुणाला ओळखीतला एखादा जण झोपेची गोळी सुरू करून देतो, आणि भीती तशीच राहून गोळीची सवय तेवढी लागते.

आणि ऊसतोड आहेच. स्थलांतरामुळे हा आजार होतो, असे मी म्हणत नाही. पण दिवाळीनंतर कोप्यांवर गेलेले आणि मार्च-एप्रिलमध्ये परतलेले मूल वर्गात दरवर्षी नव्याने नवखे असते. धडे पुढे गेलेले, बाक बदललेले. अशा मुलाला फळ्यासमोर उभे करून पाढे म्हणायला लावले, तर ते गप्प राहील. ते का गप्प आहे, अभ्यास बुडाला म्हणून की घसा आवळला म्हणून, हे ओळखायला कुणाला सवडच नसते.

६. मोजल्याशिवाय सरकारला दिसत नाही.

२०१९ साली ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची पाहणी झाली. ८२ हजारांवर महिलांना विचारले, त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींच्या शस्त्रक्रिया झाल्याचे निघाले. तोवर जे घराघरांत माहीत होते, ते आकडा आल्यावर विधिमंडळात पोचले. अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट आली. मोजणीची ताकद बीडला वेगळी सांगायला नको.

मानसिक आरोग्याच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १२ राज्ये होती. महाराष्ट्र त्यात नव्हता. अनेक देशांतल्या पाहण्या एकत्र केल्या, तर समाजभय आयुष्यात कधीतरी होण्याचे प्रमाण शंभरात सुमारे चार निघते. हा आकडा बीडला जसाच्या तसा लावू नये. पण त्याच्या निम्मा धरला तरी पन्नासांत एक. एका वर्गात एक मूल, एका भावकीत एक माणूस. समाजभयाची शंका घेण्यासाठी तीन प्रश्नांची एक चाळणी जगात वापरली जाते. ती बीडच्या बोलीत आणून, तपासून घेण्याचे काम अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाने करावे. ग्रामीण भागासाठी म्हणून १९७० च्या दशकात उभ्या राहिलेल्या या संस्थेला शोभेल असाच हा विषय आहे.

७. कायदा आपल्या बाजूने आहे.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चे कलम १८ सांगते की सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवांतून मानसिक आरोग्याचे उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. किमान सेवा जिल्ह्यात सरकारकडे नसतील, तर रुग्णाने जिल्ह्यातल्या दुसऱ्या ठिकाणी उपचार घ्यावेत आणि खर्च सरकारने सोसावा, अशीही तरतूद त्याच कलमात आहे. राज्याची चार जुनी मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीत. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतले एकही आले नाही, ही तक्रार रास्त आहे. पण समाजभयाला खाटा लागत नाहीत. त्याला लागते घराजवळची एक खोली, आठवड्यातला एक तास आणि तेच ते ओळखीचे माणूस. इमारतीच्या निविदेची वाट न बघता हे देता येते.

८. माणसे कुठून आणायची?

मनोविकारतज्ज्ञ मोजके आहेत आणि उद्या एकदम वाढणार नाहीत. पण गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने दाखवून दिले की नीट शिकवलेले सामान्य समुपदेशक प्राथमिक दवाखान्यांतल्या नैराश्य-चिंतेच्या रुग्णांना मदत करू शकतात. त्यांच्या ‘मानस’ चाचणीचे निष्कर्ष २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये आले, आणि सरकारी दवाखान्यांत त्या पद्धतीचा फायदा स्पष्ट दिसला. नाशिक जिल्ह्यात ‘आत्मीयता’ प्रकल्पाने गावातल्याच माणसांना हे काम शिकवले. आपल्याकडेही अंबाजोगाईचे ‘मानवलोक’, शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वीचे ‘शांतिवन’ अशा संस्थांनी गावाशी आणि ऊसतोड कुटुंबांशी नाते जोडलेले आहे. प्रत्येक तालुक्यात चार जणांना शिकवावे. अकरा तालुक्यांत ४४ माणसे होतात. त्यांच्यावर अंबाजोगाईच्या विभागाची आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाची देखरेख ठेवावी. ज्याला औषध लागेल त्याला डॉक्टरकडे पाठवावे. ही औषधे रोज, काही महिने घ्यावी लागतात आणि मनाने बंद करायची नसतात, हे घरच्यांना समजावणे हेही याच माणसांचे काम.

९. सेवा अशी हवी की भिणाऱ्यालाही ती घेता येईल.

२०२२ पासून ‘टेलिमानस’ची १४४१६ ही मोफत फोनसेवा आहे, ती चांगलीच आहे. पण अनोळखी माणसाशी फोनवर बोलणे हीच ज्याची धास्ती, त्याच्या हाती नुसता नंबर देऊन काय होणार? आशाताईने किंवा बहिणीने आधी बोलावे, मग फोन त्याच्याकडे द्यावा, अशी रीत पाडावी. ओपीडीत नाव मोठ्याने पुकारू नये, नंबर द्यावा. ‘मनोविकार विभाग’ या पाटीखाली बाकावर बसवून ठेवू नये, वेळ ठरवून बोलवावे. याला जवळजवळ काहीच पैसे लागत नाहीत.

सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे पंचांग. बारा-चौदा आठवड्यांचे उपचार नोव्हेंबरात सुरू केले, तर पंधरवड्यात रुग्ण सांगली-कोल्हापूरच्या नाहीतर कर्नाटकातल्या फडात असेल. म्हणून मोठ्यांसाठी जून ते सप्टेंबर, लोक गावात असतात तेव्हा. जी मुले हिवाळ्यात हंगामी वसतिगृहांत किंवा आजी-आजोबांकडे राहतात, त्यांच्यासाठी नोव्हेंबर ते मार्च. उपचारांचे वेळापत्रक कारखान्याच्या धुराड्याकडे बघून ठरवावे. बीडमध्ये दुसरे वेळापत्रक टिकत नाही.

१०. शाळेत रोज होणारा परिपाठ वापरा.

पहिली उतरंड शाळेतच तयार आहे. रोज सकाळी सुविचार, बातम्या, बोधकथा सांगायला मुले पुढे येतात. गप्प मुलाला एकदम पुढे ढकलणे वाईट. आणि ‘राहू दे, त्याला जमत नाही’ म्हणून कायमचे सोडणे तितकेच वाईट. टाळले की भीती पोसली जाते. आधी त्याने फळ्यावर सुविचार लिहावा. मग मित्रासोबत जोडीने वाचावा. मग एकट्याने, पण बाकावर बसून. पुढे यायचे ते सर्वांत शेवटी. सप्ताहात हेच घडताना आपण पाहिले आहे. पोरगे आधी टाळकऱ्यांच्या मागच्या ओळीत उभे राहते. वीस टाळांच्या आवाजात त्याचा आवाज झाकला जातो. दोन वर्षांनी ते पुढच्या ओळीत येते आणि एखाद्या रात्री चाल म्हणते. कुणी त्याला उपचार म्हटले नाही, आणि तो खऱ्या उपचाराची जागा घेणारही नाही. पण पायरी-पायरीने धीट होण्याचे शहाणपण आपल्याकडे आहे. पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आहेच. त्यातला अर्धा तास शिक्षकांनी यासाठी द्यावा.

११. ‘पाणी नाही, काम नाही, आणि हे कसले लाड?’

हा आक्षेप येणारच, आणि दुष्काळ सोसलेल्या माणसाने तो घेतला तर त्याला हसू नये. पण हिशेब करून बघा. मुलाखतीत गप्प राहिलेला मुलगा म्हणजे घरातून गेलेली नोकरी. शाळा सोडलेली मुलगी म्हणजे लवकर झालेले लग्न. ज्याला मुकादमासमोर हिशेब विचारता येत नाही, त्याची उचल फिटतच नाही. गरिबाच्या घरात आवाज हे भांडवल असते. दुसरा आक्षेप असा की लाजाळूपणाला आजार ठरवून गोळ्या खपवल्या जातील. ही भीतीही खोटी नाही. म्हणूनच पहिल्या मुद्द्यातली रेघ जपायची : आयुष्य अडत नसेल तर तो स्वभाव, त्याला हात लावायचा नाही. गप्प राहण्याचा हक्क सगळ्यांना आहे. बोलायचे असून बोलता न येणे, हा प्रश्न आहे.

१२. मागणी कुणी आणि केव्हा करायची?

ज्याला हा त्रास आहे तो ग्रामसभेत उठून बोलणार नाही. तेव्हा त्याच्या वतीने दुसऱ्याने बोलावे लागेल : शिक्षकाने, आशाताईने, भावाने. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला अर्धे गाव फडात असते. १५ ऑगस्टला बहुतेक घरे उघडी असतात. त्या दिवशी एक ठराव मांडा. त्यात तीनच ओळी असाव्यात : आमच्या शाळेत आणि उपकेंद्रात तीन प्रश्नांची चाळणी व्हावी, तालुक्यात शिकवलेले समुपदेशक नेमावेत, उपचारांचे वेळापत्रक ऊसतोडीच्या हंगामाप्रमाणे ठरवावे. ठरावात कुणाचेही नाव घालू नका. ज्याच्यासाठी हे चालले आहे तो बहुधा सभेला आलेला नसेल. आला असेल तर मागे, पाराच्या कडेला, चपला न काढता उभा असेल. त्याच्याकडे वळून बघू नका. हात वर करा आणि ठराव मंजूर करून घ्या.